मावशींच्या देवा

मंगळवारी सकाळी सात वाजून पाच मिनिटांनी तुमचा मेसेज आला, मावशी. ‘ये.’ एवढाच. आदल्या दिवशी मी विचारलं होतं, ‘उद्या येऊ का?’ दिवसभर तुम्ही काही उत्तर दिलं नाहीत, आणि सकाळी दिलंत. एक अक्षर. ते अजून माझ्या फोनमध्ये आहे. तुम्ही मात्र दफनभूमीत आहात, असं सगळे म्हणतात. मीही तिथे होतो, मीही मूठभर माती टाकली. तरी आज रविवारी डोळे उघडले तेव्हा पहिला विचार आला तो हा, की या मंगळवारी मावशींना रिव्हर्स पार्किंग पुन्हा एकदा दाखवायला हवं.

सात पंचविसाला मी तुमच्या बिल्डिंगखाली गाडी लावली होती. दोनदा हॉर्न वाजवला. तुम्हाला हॉर्न आवडत नाही हे ठाऊक असून वाजवला. एकदा फोन केला, तो वाजून वाजून बंद झाला. मी वर बघितलं. तिसऱ्या मजल्यावरची तुमची खिडकी उघडी होती, पडदा हलत होता. मला वाटलं, तुमचा शनिवारचा राग गेलेला नाही. बोलावून घ्यायचं आणि खाली यायचं नाही, म्हणजे मला शिक्षा. मग मलाही राग आला. सात सदतीसला मी गाडी सुरू केली आणि पुढच्या विद्यार्थ्याकडे निघून गेलो.

तुम्ही तेव्हा स्वयंपाकघरात जमिनीवर होतात.

हे लिहायला मला पाच दिवस लागले. अजूनही हे वाक्य दुसऱ्याच कुणाबद्दल असावं असं वाटतं.

आपली ओळख गाडीमुळे झाली, हे मी लोकांना सांगतो तेव्हा ते हसतात. काका, म्हणजे तुमचे मिस्टर, गेल्यावर त्यांची पांढरी गाडी दोन वर्षं तुमच्या सोसायटीत कव्हरखाली उभी होती. सोसायटीने तीन नोटिसा पाठवल्या, गाडी हलवा नाहीतर काढून टाका. तुम्ही तिसरी नोटीस हातात घेऊन आमच्या ड्रायव्हिंग स्कूलच्या ऑफिसात आलात. वय एकोणसाठ. शाळेच्या सायन्स लॅबमधून नुकत्याच रिटायर झालेल्या. टेबलावर नोटीस ठेवली आणि म्हणालात, “मला ही गाडी हलवायला शिकवा. विकायची नाहीये.”

मी म्हटलं, “बाई, या वयात कशाला त्रास? ड्रायव्हर ठेवा.”

तुम्ही विचारलंत, “तुमचं वय काय?”

“अडतीस.”

“मग तुम्ही घाबरा. मला काही फरक पडत नाही.”

तुम्हाला तेव्हा माहीत नव्हतं की खरोखर घाबरलेला माणूस मीच होतो. आमच्या शिकवण्याच्या गाडीत डाव्या बाजूलाही क्लच आणि ब्रेक असतात, माझ्या पायाशी. शिकणाऱ्याने चूक केली तर मी ब्रेक मारायचा, हेच माझं काम. त्याच्या वर्षभर आधी भांडुपच्या एका डाव्या वळणावर एक कॉलेजची मुलगी शिकत होती आणि समोर सायकलवाला आला. माझा पाय ब्रेकवर गेला, पण उशिरा गेला. किती उशिरा ते मला कधीच कळलं नाही. अर्धा सेकंद असेल. त्या माणसाचा पाय मोडला. तीन महिन्यांत तो पुन्हा सायकल चालवायला लागला, मला रस्त्यात भेटला तर हात करतो. तो बरा झाला. मी झालो नाही.

घरी सोफ्यावर बसलो तरी माझा उजवा पाय जमिनीवर दाबला जायचा. जेवताना दाबला जायचा. बायको अश्विनी म्हणायची, “हे काय चाललंय तुमचं?” मी म्हणायचो, पेटका येतो. छातीत धडधड, तळहाताला घाम, सकाळी निघताना गॅस बंद आहे का ते चार वेळा बघायचं, जिना उतरून परत वर जायचं. एकदा हार्ट अॅटॅक आला म्हणून स्वतःच रिक्षा करून दवाखान्यात गेलो. ईसीजी नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, टेन्शन घेऊ नका. मी म्हटलं, बरं. मग बाहेर येऊन पायरीवर बसलो आणि मला उठताच येईना.

हे कुणाला सांगणार? ड्रायव्हिंग शिकवणारा माणूस गाडीत बसायला घाबरतो, हे कळलं तर नोकरी जाते. बाबांना सांगायची सोय नव्हती. ते जालन्याहून इथे आले, पस्तीस वर्षं पहाटे उठून कामावर गेले, त्यांच्या तोंडून मी कधी ‘भीती’ हा शब्द ऐकला नाही.

तुमचा नववा क्लास होता. नाहूरचा पूल चढत होतो. तुम्ही दुसऱ्या गिअरमध्ये, नाकासमोर बघत. मागून एका बसने हॉर्न दिला, आणि माझं सगळं गेलं. श्वास आत जाईना. हात बधिर. डोळ्यांसमोर पांढरं. मी फक्त एवढंच म्हणू शकलो, “मावशी, मला काहीतरी होतंय.” तोवर मी तुम्हाला बाई म्हणायचो. मावशी कधी म्हणायला लागलो, तर तेव्हा.

तुम्हाला पुलावर थांबता येत नव्हतं. मागे बस. तुम्ही म्हणालात, “ब्रेकवरचा पाय काढ. गाडी मी बघते. तू फक्त श्वास बाहेर सोड. आत घेऊ नकोस, बाहेर सोड.” आणि मग त्याच आवाजात, रस्त्यावरची नजर न काढता तुम्ही बोलायला लागलात. मला वाटलं माझ्याशी बोलताय. “प्रभू, हा विजय. याला भीती वाटतेय. मलाही वाटतेय, कारण आता ही गाडी मलाच खाली न्यायची आहे आणि मला तिसरा गिअर नीट पडत नाही. आम्हा दोघांना सांभाळ. बसवाल्यालाही थोडी अक्कल दे. आमेन.”

मी त्या अवस्थेतही हसलो. हसलो म्हणून श्वास आत गेला. पूल उतरून तुम्ही गाडी कडेला घेतलीत, चाक फुटपाथवर चढलं, गाडी बंद पडली. मी विचारलं, “तुम्ही प्रार्थना करताना डोळे मिटत नाही?”

“अरे, गाडी चालवतेय,” तुम्ही म्हणालात.

त्या दिवशी आपण पुलाखाली चाळीस मिनिटं बसलो. मी सगळं सांगितलं. सायकलवाला, गॅस, सोफ्यावरचा पाय. आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी सांगत होतो, आणि ज्यांना सांगत होतो त्यांच्या छातीवर एल बोर्ड लावायला हवा होता. मग स्वतःचं सांगितलंत. काका गेल्यावर तुम्हाला घरात एकटीला राहवेना. संध्याकाळ झाली की तुम्ही खाली येऊन सोसायटीच्या बाकावर बसायच्या, वॉचमन जागा आहे म्हणून. लिफ्टमध्ये जाता येईना, गर्दीत जाता येईना. चर्चमध्येसुद्धा दाराजवळच्या खुर्चीवर बसायच्या, पळता यावं म्हणून. लोक म्हणायचे, तुमची श्रद्धा कमी पडते. तुम्हाला ते खरंच वाटायला लागलं होतं.

“मग कसं गेलं?” मी विचारलं.

“दोन वर्षं गोळ्या घेतल्या. आणि रोज सकाळी देवाला सांगितलं. दोन्ही केलं. गोळी घेणाऱ्याने प्रार्थना करू नये आणि प्रार्थना करणाऱ्याने गोळी घेऊ नये, असं कुठे लिहिलंय? तू आधी डॉक्टरकडे जा. खऱ्या डॉक्टरकडे, टेन्शन घेऊ नका म्हणणाऱ्याकडे नाही.”

तुम्हीच नाव दिलंत, तुम्हीच पहिल्यांदा बरोबर आलात, बाहेर मासिकं चाळत बसलात. त्याबद्दल मी तुम्हाला कधी थँक्यू म्हटलं नाही. तेव्हा लाज वाटत होती, नंतर राहून गेलं.

प्रार्थनेचं मात्र मला पटत नव्हतं. तुम्हाला आठवतं ना मी किती भांडलो? आमच्या आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हा घरातले सगळे देव बाहेर काढले. आमच्याकडे वंदना होते, हात कुणापुढे पसरत नाहीत. बाबा म्हणतात, माणसाने स्वतःच्या पायावर उभं राहावं. मी म्हटलं, “मावशी, आमच्यात मागणं नसतं.” तुम्ही म्हणालात, “मागू नकोस मग. नुसतं सांग. आणि मोघम सांगू नकोस. ‘मला शांती दे’ वगैरे नको. कशाची भीती वाटते ते पत्त्यासकट सांग.”

पत्त्यासकट. हा शब्द माझ्या डोक्यात बसला. एका सकाळी गॅलरीत उभा राहिलो, कपडे वाळत होते त्यांच्या मागे, आणि हळूच म्हटलं, “मावशींच्या देवा, भांडुपला पेट्रोलपंपाच्या पुढचं डावं वळण. आज आठ वाजता तिथून जायचंय. तिथे मला भीती वाटते.” स्वतःच्याच आवाजाची लाज वाटली. आठ वाजता वळणावर गेलो. भीती वाटलीच. पण ती आता माझ्या एकट्याची राहिली नव्हती, कारण मी ती सकाळी कुठेतरी कळवली होती. ऑफिसला सांगून सुट्टी घेतो तसं काहीतरी. याहून चांगलं मला सांगता येत नाही.

मग रोजच म्हणायला लागलो. मावशींच्या देवा, आज नवीन विद्यार्थी आहे, तो फार जोरात क्लच सोडतो. मावशींच्या देवा, अश्विनीला ताप आहे आणि मला वाटतंय की ती मरणार. मावशींच्या देवा, मी आत्ता दोनदा गॅस बघितला, तिसऱ्यांदा बघायला जाऊ देऊ नकोस. महिने गेले. गोळ्यांनी झोप आली, डॉक्टरांनी श्वासाचे व्यायाम दिले, तेही केले. कशाने किती झालं, मला वेगळं काढता येत नाही. पण गॅलरीत कुणीतरी ऐकतंय, हे मला गोळीने सांगितलं नव्हतं. एका सकाळी बोलता बोलता लक्षात आलं की मी ‘मावशींच्या’ म्हटलंच नाही. नुसतं ‘प्रभू’ म्हटलं होतं. आणि त्या दिवशी छातीत अशी शांतता होती की मी घाबरलो, म्हटलं हृदय बंद पडलं की काय. शर्टावर हात ठेवून बघितलं. चालू होतं.

हे मी तुम्हाला गाडीत सांगितलं तेव्हा तुम्ही सिग्नलला गाडी बंद पाडलीत. मागे पंधरा गाड्या हॉर्न देत होत्या आणि तुम्ही चष्मा काढून पुसत होता.

“क्लच दाबा मावशी.”

“दाबते रे, दाबते.”

तोवर तुम्हाला लायसन्स मिळून चार महिने झाले होते. काकांची गाडी तुम्ही एकटीने हायवेपर्यंत नेत होता. तरी मंगळवार आणि शनिवारचा क्लास तुम्ही बंद केला नाहीत. मी म्हणायचो, आता तुम्हाला माझी गरज नाही. तुम्ही म्हणायचात, अजून पार्किंग जमत नाही. तुमचं पार्किंग उत्तम होतं, मावशी. मला ते दिसत होतं आणि मी बोलत नव्हतो, कारण मलाही ते दोन दिवस हवे होते.

शनिवारी काय झालं ते मी पुन्हा पुन्हा आठवतो आणि प्रत्येक वेळी त्यात वेगळं काहीतरी बोलतो. पण जे बोललो ते असं होतं.

तुम्ही काकांची गाडी सोसायटीत लावलीत, इंजिन चालूच होतं. म्हणालात, “पुढच्या रविवारी आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, साक्ष आहे. ज्यांच्या आयुष्यात काही झालं ते उभं राहून सांगतात. तू येतोस? दोन मिनिटं सांग. तुझ्यासारखे कितीतरी जण दाराजवळ बसलेले असतात रे.”

मी म्हटलं, “नको. कुणीतरी बाबांना सांगेल.”

“तू सांगितलं नाहीस अजून?”

“काय सांगू?”

“जे झालं ते. किती दिवस गॅलरीत कपड्यांमागे उभा राहून बोलणार? सगळी भीती सांगून झाली आणि ही एक ठेवलीस.”

तुम्ही बरोबर बोलत होता. म्हणूनच मला लागलं. मी म्हटलं, “तुम्हाला काय, तुम्ही जन्मापासून ख्रिस्ती. मी तिथे उभा राहिलो तर तुमच्या मंडळीत एक डोकं वाढेल. माझ्या घरात एक कमी होईल. तेवढ्यासाठीच शिकवलंत का मला हे सगळं?”

तुम्ही इंजिन बंद केलंत. मग म्हणालात, “एवढंच कळलं का रे तुला माझं?”

आपण उतरलो, तुम्ही दार लावलंत, लॉक केलंत, दोनदा हँडल ओढून बघितलंत. एरवी निघताना तुम्ही म्हणायचात, “जा, प्रभू बरोबर असो.” त्या दिवशी म्हणाला नाहीत. लिफ्टकडे चालत गेलात. तुमच्या हातातल्या पिशवीत कोथिंबिरीची जुडी होती, ती बाहेर लोंबत होती. मला वाटलं हाक मारून सांगावं, पडेल म्हणून. सांगितलं नाही.

तुमचं माझं एवढंच. शेवटचं.

मंगळवारी साडेदहाला मी घाटकोपरला होतो. नंबर अनोळखी होता. “विजयदादा ना? मी शारोन. रूथ साळव्यांची मुलगी.” तुम्ही तिच्याबद्दल इतकं बोलायचात की मला वाटलं, ठाण्याहून आलेली असणार, आईला सरप्राइज देत असणार, रविवारचं काहीतरी असणार. ती म्हणाली, “आई गेली.” मी विचारलं, “कुठे?”

मला खरंच वाटलं, गाडी घेऊन कुठेतरी गेलात. एकटीने. एकदम अभिमान वाटला. एक सेकंदभर मला तुमचा अभिमान वाटला, मावशी. मग ती रडायला लागली.

कामवाल्या ताई नऊ वाजता किल्लीने दार उघडून आत आल्या. गॅसवर चहाचं पातेलं होतं, गॅस बंद. तुम्ही ओट्याखाली एका कुशीवर. डॉक्टर म्हणाले मेंदूत रक्तस्राव, मोठा, काही करता आलं नसतं. केव्हा झालं ते नक्की सांगता येत नाही म्हणाले. सात आणि नऊच्या मध्ये कधीतरी.

सात आणि नऊच्या मध्ये. मी खाली होतो. लिफ्ट चालू होती.

त्यानंतरचं मला तुकड्या-तुकड्यांनी आठवतं. तुमच्या मंडळीतल्या बायका गात होत्या, मराठीत, अगदी आमच्या आळीत म्हणतात तशा चालीवर, आणि मला कळत नव्हतं की या गाऊ कशा शकतात. चर्चच्या पाळकांनी माझा हात धरला. कोण म्हणून विचारलं तर मी म्हटलं, “ड्रायव्हिंगवाला.” शवपेटीत तुम्हाला चष्मा घातलेला नव्हता. मला राहून राहून वाटत होतं की कुणीतरी चष्मा द्या, मावशींना लांबचं दिसत नाही.

आणि ते सगळं परत आलं. बुधवारी सकाळी माझा उजवा पाय जमिनीवर दाबलेला होता. गॅस पाच वेळा बघितला. गॅलरीत गेलो, तोंड उघडलं आणि शब्दच येईना. गुरुवारी तेच. शुक्रवारी तेच. मी तुमच्यावर चिडलो. तुमच्या प्रभूवर चिडलो. सायकलवाल्याच्या वेळी अर्धा सेकंद उशीर झाला होता, यावेळी बारा मिनिटं होती. एखाद्या माणसाला किती वेळा तेच दाखवायचं? पण गॅलरीतून आत आल्यावर लक्षात आलं की इतका वेळ मी कुणावर तरी चिडत होतो. रिकाम्या जागेवर कुणी चिडत नाही. हे तुम्हाला सांगायला हवं होतं, आणि सांगायला तुम्ही नव्हता.

काल शनिवारी, क्लासच्या वेळेला, मी तुमच्याकडे गेलो. यावेळी वर गेलो. शारोन स्वयंपाकघरात डबे रिकामे करत होती. पाच दिवस झोपलेली नाही हे चेहऱ्यावर दिसत होतं. मला चहा विचारला. मी म्हटलं, आधी मला काही सांगायचंय.

उभ्या उभ्याच सांगितलं. मेसेज, हॉर्न, फोन, सात पंचवीस ते सात सदतीस. भांडण सांगितलं, मी काय बोललो ते शब्द सांगितले. रागाने निघून गेलो, हे सांगितलं. काही गाळलं नाही. पत्त्यासकट सांगितलं.

तिच्या हातात डाळीचा डबा होता. तो तिने ओट्यावर ठेवला. “वर का नाही आलात?”

“मला वाटलं त्या रागावल्यात.”

“आई कधी रागावून वर बसायची? ती रागावली तर खाली येऊन बोलायची.”

हे खरं होतं. हे मला माहीत होतं. ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली, आणि मला वाटलं आता ती मला जायला सांगणार, आणि मी जाणार, आणि ते योग्यच असेल.

ती जमिनीवर बसली. नेमकी कुठे बसली ते तिलाही ठाऊक होतं, मलाही. म्हणाली, “सोमवारी संध्याकाळी आईने मला दोनदा फोन केला. मी मीटिंगमध्ये होते. मग मुलांचं जेवण. मग म्हटलं उद्या करू.” मग म्हणाली, “पाळक रोज येतात, प्रार्थना करतात, चांगली करतात. माझ्या आत जात नाही. आई म्हणायची, तुम्ही तिच्यासारखी करता. तोडकी-मोडकी.”

“मी कुणासमोर केली नाही कधी.”

“करा.”

मी समोर बसलो. हात जोडायचे की नाही कळेना, मांडीवर ठेवले. डोळे उघडेच होते. म्हटलं, “प्रभू, आम्ही तिसऱ्या मजल्यावर आहोत, मावशींच्या स्वयंपाकघरात. मी खाली बारा मिनिटं थांबलो आणि वर आलो नाही. हिने फोन उचलला नाही. आम्हाला दोघांनाही वाटतंय की आम्ही असतो तर त्या असत्या. हे आम्हाला उचलवत नाहीये. आम्ही नव्हतो तेव्हा तू त्यांच्याजवळ होतास का, एवढंच आम्हाला हवंय. होतास असं आम्ही धरून चालतो. दुसरं काही आम्हाला जमत नाही.”

पुढे सुचलं नाही. आमेन शारोनने म्हटलं.

उत्तर काही आलं नाही, मावशी. पडदा हलला नाही, कुठे घंटा वाजली नाही. शारोन रडत होती, मग रडायची थांबली. ओट्याला डोकं टेकून बसली आणि तिथेच, बसल्या बसल्या झोपली. तोंड थोडं उघडं, लहान मुलासारखी. मी हललो नाही. पाऊण तासाने तिचा नवरा आला तोवर तसाच बसून होतो. माझा उजवा पाय फरशीवर होता. सैल होता. हे मी नंतर बघितलं.

घरी आलो तेव्हा बाबा पेपर वाचत होते. म्हणाले, “आज उशीर?”

मी म्हटलं, “प्रार्थना करत होतो.”

पेपर खाली आला. “कुणाची?”

“येशूची. वर्षभर करतोय. रोज सकाळी गॅलरीत. त्या आधी मला आजार होता, भीतीचा. त्याची औषधं चालू आहेत. ज्या मावशी गेल्या, त्यांनी मला दोन्ही दाखवलं.”

अश्विनी आतून दारात येऊन उभी राहिली. बाबांनी पेपरची घडी घातली, मग पुन्हा घातली. मला वाटलं आता प्रतिज्ञा, आजोबा, सगळं निघणार.

“त्याने झोप लागते का तुला?” त्यांनी विचारलं.

“लागते.”

“मागच्या वर्षी लागत नव्हती. तू फिरायचास घरभर. मी ऐकायचो.” पेपर मांडीवर सरळ केला. “मी काही हात जोडणार नाही.”

“जोडू नका.”

“आपलं सोडलंस का?”

“माहीत नाही, बाबा. खरंच माहीत नाही.”

ते उठले, पेपर टीव्हीखाली ठेवला. आत जाता जाता थांबले. म्हणाले, “इतकं केलं त्या बाईने आपल्यासाठी. एकदा घरी आणायचं होतंस रे त्यांना.”